पानाची डावी बाजू

(मंडळाच्या उम्म अल कुवैन येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात सुटलेली मापं इथे नीट लिहून दिली आहेत.)



आपल्या सचिवांचा फोन आला तेव्हा मी गाजर किसत होते. "वहिनी, या मेळाव्यात आहारावर पंधरा मिनिटं बोलाल का?" मी म्हटलं, "अहो, मी ना डॉक्टर, ना आहारतज्ज्ञ. मी काय बोलणार?" त्यावर ते म्हणाले, "तुमच्या घरी जेवायला आलं की कोशिंबीर वाढताना जे भाषण देता ना, तेच द्या." तर मंडळी, माझी कीर्ती अशी पसरलेली आहे. तेव्हा ऐकून घ्या. जेवण त्यानंतरच आहे, त्यामुळे तुम्हाला पर्यायही नाही!

सातही अमिरातींत लोकसंख्येनं सर्वांत लहान असलेल्या या आपल्या उम्म अल कुवैनमध्ये आम्हाला राहून एकवीस वर्षं झाली. दुबईचे नातेवाईक विचारतात, "तिथे काय आहे?" मी सांगते, खोर आहे, खारफुटी आहे, पहाटे ताजी मासळी मिळते आणि रस्त्यावर गर्दी नाही. आणखी काय हवं माणसाला? पण आज मी जी गोष्ट सांगणार आहे, ती या शांत गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात घडली, आणि तिच्यात चूक माझीच होती.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांची नेहमीची रक्ततपासणी झाली. वजन फार नाही, पोट थोडं पुढे, एवढंच. पण एचबीए१सी निघालं ६.२. ज्यांना हा आकडा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती, याचा तो अंदाज असतो. ५.७ च्या खाली असला तर ठीक. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. ६.५ किंवा त्याहून वर गेला तर मधुमेह. आमचे हे उंबरठ्यावर उभे होते. ह्यांचे वडील आणि थोरले भाऊ दोघेही तो उंबरठा ओलांडून गेलेले. भावोजींच्या पायाची जखम सात महिने भरत नव्हती, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे त्या रात्री जेवताना घरात कोणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. रात्रीच्या पोळ्या बंद! त्याऐवजी मोठा वाडगाभर सॅलड. लेट्यूस, काकडी, टोमॅटो, रंगीत सिमला मिरची. आता नुसता पाला कोण खाणार? म्हणून सुपरमार्केटमधून ड्रेसिंगच्या बाटल्या आणल्या. बाटलीवर हिरवीगार पानं, टवटवीत टोमॅटो. हेही खूश, मीही खूश. चार महिने हा कार्यक्रम अगदी निष्ठेनं चालला. आणि चार महिन्यांनी वजन दोन किलोनं वाढलं!

मी ह्यांच्यावर संशय घेतला. "ऑफिसात काय खाता खरं सांगा." हे रागावले. घरात दोन दिवस अबोला. तेवढ्यात हिवाळ्यात राहायला म्हणून मिरजेहून सासूबाई आल्या. पहिल्याच रात्री मी सॅलडवर बाटली उपडी केली, तशा त्या म्हणाल्या, "अगं, हे काय ओततेस कोशिंबिरीवर? तेल आहे का ते?"

मी म्हटलं, "नाही हो आई, ड्रेसिंग आहे."

"मग ते बोटाला तेलकट का लागतंय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सासूबाई झोपायला गेल्यावर मी चष्मा लावून बाटलीच्या मागचा तक्ता पहिल्यांदा वाचला. शंभर ग्रॅममध्ये ४३० कॅलरी, त्यात चरबी ४४ ग्रॅम. 'एका वेळचं प्रमाण ३० ग्रॅम' असंही लिहिलेलं. मग दुसऱ्या दिवशी रात्री मी एक गंमत केली. बाटली वजनकाट्यावर ठेवली, नेहमीसारखं ह्यांच्या वाडग्यात ओतलं, आणि पुन्हा वजन केलं. किती कमी झालं असेल? तीस ग्रॅम? छे! अडुसष्ट ग्रॅम!

आता हिशोब बघा. अडुसष्ट ग्रॅम म्हणजे जवळजवळ २९० कॅलरी. तीस ग्रॅम कणकेची साधी पोळी साधारण १०० कॅलरींची. म्हणजे मी ह्यांच्या पानातून तीन पोळ्या काढून घेतल्या आणि त्यांच्याएवढंच वरून बाटलीतून ओतलं! शिवाय पोळीबरोबर जाणारी आमटी आणि उसळ गेली, म्हणजे प्रथिनंही गेली. त्यामुळे दहा वाजता भूक लागायची आणि चिवड्याचा डबा उघडायचा. तो डबा कोण संपवतं हे कोडंही त्याच रात्री सुटलं. अबोला मीच सोडला, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक हिशोब सासूबाईंनी करून दिला. त्या अडुसष्ट ग्रॅममध्ये तीस ग्रॅम चरबी होती. म्हणजे रोज एक चहाचा चमचा तेल धरलं तर सात दिवसांच्या कोशिंबिरींच्या फोडण्या! "आठवड्याचं तेल एका रात्रीत घालत होतीस गं," एवढंच त्या म्हणाल्या. पण ते 'गं' अजून कानात आहे.

मग मी वाचायला लागले. आणि मला कळलं, की आपण भारतीयांनी तर याबाबतीत जास्तच जपायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी २००४ साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध नियतकालिकात आपला दोघांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. म्हणजे वजन-उंचीच्या हिशोबात दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे आपण बारीक दिसतो, पण आतून तसे नसतो. "मी कुठे जाड आहे?" हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. त्या वाक्याला त्या फोटोनं उत्तर दिलं आहे. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत, आणि उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटींच्या वर. त्या तेरा कोटींतला एक माझ्या घरातला, फक्त समुद्राच्या या बाजूला राहणारा.

आता मुद्द्याचं बोलते. बाटली घेताना काय बघायचं?

पहिलं म्हणजे, पुढचं चित्र बघू नका, मागचा तक्ता बघा. घटक पदार्थांची यादी जास्तीकडून कमीकडे अशी लिहिलेली असते. पहिल्या दोन नावांत तेल किंवा साखर असेल तर ती बाटली म्हणजे सुगंधी तेल किंवा खारट सरबत समजा. दुसरं, 'लो फॅट' लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नका. तेल काढलं की दाटपणा आणि चव आणायला बऱ्याचदा स्टार्च आणि साखर घालतात. मधुमेहाच्या घरात हे आगीतून फुफाट्यात! तिसरं, मिठाचा आकडा बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. रक्तदाबवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवायचं. आणि चौथं, मापाचा चमचा वापरा. बाटली उपडी करायची नाही. हात हे माप नाही!

दुसरी फसवणूक रंगाची. पांढरं दिसतं म्हणजे दही, अशी आपली समजूत. इथे ग्रिल चिकनबरोबर ती पांढरीशुभ्र लसणाची चटणी देतात ना, तूम म्हणतात तिला, मुलं बोटं चाटून खातात. ती मुळात लसूण आणि तेल घोटून घोटून केलेली असते, काही ठिकाणी मेयोनीजही घालतात. दह्याचा तिच्याशी संबंध नाही. मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे पंधरा मिलिलिटरच्या मापात, नव्वद ते शंभर कॅलरी असतात. तेवढ्याच साध्या दह्यात नऊ-दहा! रंग एक, हिशोब दहापट. फत्तूश मागवलात तर ड्रेसिंग वेगळ्या वाटीत मागा आणि वरचा तळलेला खुबूस बाजूला काढा. त्यात डाळिंबाचा जो काळा घट्ट रस असतो, तो आटवलेला असल्यामुळे गोड असतो, तोही बेतानं. उलट सुमाक म्हणून ती लालसर आंबट पूड असते, ती भरपूर घाला. आपल्या आमसुलाची इकडची बहीणच समजा. आंबटपणा मिळतो आणि कॅलरी नावापुरत्या.

"मी तर ऑलिव्ह तेलच वापरते," असं कोणीतरी आता म्हणणारच. ते चांगलं आहे, मान्य. पण तेल कुठलंही असो, शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं की ऑलिव्हचं, एका मोठ्या चमच्यात १२० च्या आसपास कॅलरी असतातच. चांगलं तेल आहे म्हणून दुप्पट घातलं तर चांगुलपणाचा काय उपयोग?

मग तेल अजिबात घालायचंच नाही का? तसंही नाही, आणि इथे मला आपल्या आज्यांचं कौतुक वाटतं. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात झालेला एक छोटा प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. काही जणांना एकच सॅलड तीन वेळा दिलं. एकदा बिनतेलाच्या ड्रेसिंगबरोबर, एकदा कमी तेलाच्या, एकदा भरपूर तेलाच्या. बिनतेलाचं खाल्लं तेव्हा गाजर-टोमॅटो-पालकातली जी रंगद्रव्यं, ज्यांतल्या काहींपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, ती रक्तात जवळजवळ उतरलीच नाहीत. ती चरबीत विरघळतात, म्हणून थोडी चरबी बरोबर लागतेच. आता आठवा आपली गाजराची कोशिंबीर. वरून चमचाभर फोडणी, थोडा दाण्याचा कूट, चिमूटभर ओलं खोबरं. कुणी शिकवलं होतं त्यांना?

पण मंडळी, 'आपलं ते सगळं चांगलं' असं म्हणून टाळ्या घेणारं भाषण मी करणार नाही. कोशिंबिरीतही आपण चोऱ्या करतो. पळीभर तेलाची फोडणी, मूठभर कूट, 'चवीपुरती' म्हणून दोन चमचे साखर! शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पावणेसहाशे कॅलरी असतात. दाणे पौष्टिक आहेत, पण कूट घालतानाही चमचाच हवा. 'रुचिरा'नं १९७० साली आपल्याला वाटी-चमच्याच्या मापानं स्वयंपाक करायला शिकवलं. सासरी आणि परदेशी जाताना कितीतरी मुलींच्या बॅगेत ते पुस्तक होतं. माप वापरायचं, ही त्यातली गोष्ट मात्र हात बसला की आपण विसरून गेलो.

आता आमच्या घरात ठरलेली चार ड्रेसिंगं सांगते. प्रत्येक चार माणसांपुरतं आहे. लिहून घ्या, नाहीतर नंतर रात्री अकराला फोन येतात.

एक, दही-पुदिना. अर्धी-पाऊण वाटी घट्ट दही, मूठभर पुदिना, लसणाची एक पाकळी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ. घुसळून घ्यायचं. सगळ्याच्या मिळून साठ-सत्तर कॅलरी. काकडी, बीट, कांदा, कशावरही चालतं. इथे मिळणारं लबने वापरायचं असेल तर अर्धंच घ्या आणि पाणी घालून सैल करा, कारण ते बांधून घट्ट केलेलं असतं.

दोन, फेसलेली मोहरी आणि लिंबू. हे सासूबाईंचं. अर्धा चहाचा चमचा मोहरीची पूड थोड्या पाण्यात नाकात झणका जाईपर्यंत फेसायची. त्यात एका लिंबाचा रस, एक चहाचा चमचा तेल, दोन मोठे चमचे पाणी, मिरपूड, मीठ. झाकणाच्या बाटलीत घालून खळखळ हलवायचं. मोहरीमुळे तेल आणि पाणी लवकर वेगळं होत नाही. फ्रेंच लोक आपल्या ड्रेसिंगमध्ये मोहरी घालतात ती यासाठीही, आणि आपल्याकडे रायत्यात मोहरी फेसून घालतातच. सगळ्याच्या पन्नास-साठ कॅलरी. कोबी आणि इथल्या जर्जीरच्या पानांवर फार छान लागतं. जर्जीर खाऊन बघा, मुळ्याच्या पाल्याची आठवण येते.

तीन, दाण्याचं. दोन मोठे चमचे कूट, एक हिरवी मिरची, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ आणि सैल होण्यापुरतं ताक. मिक्सरमधून एकदा फिरवायचं. सगळं मिळून शंभराच्या आसपास, म्हणजे माणशी पंचवीस. मोड आलेल्या मुगावर घातलं तर रात्रीचं अर्धं जेवण होतं.

चार, आमच्या चिरंजीवांचं आवडतं, ताहिनी-लबान. तिळाचं ते वाटण, ताहिनी, एक मोठा चमचा. त्यात चार चमचे लबान, म्हणजे आपलं ताकच, लिंबू, लसूण आणि वर सुमाक. सव्वाशेच्या आत, चौघांत. तिळाची चटणी खाणाऱ्या माणसाला ताहिनी परकी वाटायचं कारण नाही.

दोन बारीक सूचना. मीठ अगदी वाढताना घाला. आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं, मग ते चव आणि मीठ घेऊन ताटाच्या कडेला जमतं. आणि ड्रेसिंग वाडग्याच्या तळाशी घालून त्यावर भाज्या टाकून हलवा. वरून ओतलं तर दुप्पट लागतं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी, तसंच मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी जेवणात मोठा बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. माझं भाषण म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे.

मग आमच्याकडे पुढे काय झालं? रात्रीच्या पोळ्या परत आल्या. तीन नाही, दीड. उसळ परत आली. पाव ताट भरून कोशिंबीर आली, आणि हे संध्याकाळी खोराच्या बाजूनं पाऊण तास चालायला लागले. नऊ महिन्यांनी एचबीए१सी ५.८ आलं. श्रेय नुसतं कोशिंबिरीला देत नाही. चालण्याचं श्रेय मोठं आहे, आणि चिवड्याचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला त्याचंही! उंबरठा अजून पायाखालीच आहे, पण निदान आम्ही मागे वळलो आहोत.

परवा सासूबाईंशी फोनवर बोलत होते. मी सांगितलं की आता सॅलडबद्दल मंडळात भाषण करायचंय. त्या म्हणाल्या, "त्यात भाषण कसलं? पानाची डावी बाजू नीट वाढली की झालं." खरंच, आपल्या पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढतात, आणि पान वाढायला सुरुवातही तिथूनच होते. आपण मात्र इकडे आल्यावर ताट गोल, बुफे लांब, आणि कोशिंबीर कुठेतरी शेवटच्या भांड्यात, चमचाही न ठेवलेली.

तर माझी एक विनंती आहे. यंदा दिवाळीच्या फराळाला मी बंदी घालणार नाही. लाडू-चकली खायचीच, वर्षातून एकदा येते दिवाळी. पण दिवाळीनंतरच्या आपल्या स्नेहभोजनाला प्रत्येक घरानं एक कोशिंबीर आणायची. आणि भांड्यावर चिठ्ठी चिकटवायची: 'तेल किती चमचे'. खोटं लिहायचं नाही. माझ्याकडे वजनकाटा आहे!

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. चला, आता पानं वाढूया. डावीकडून.